आमचा अर्धा वकील

तुरुंगातल्या माणसाला चौदा दिवसांची रजा हवी असेल तर बाहेरच्या एखाद्या घराने लिहून द्यावं लागतं की हा माणूस आमच्याकडे उतरेल, आम्ही त्याला सांभाळू आणि मुदत संपली की परत पोचवू. असं कुणी लिहून दिलं नाही तर रजा नाही. कंडक्टर भाऊजींसाठी पाच वर्षांत कुणी लिहून दिलं नव्हतं. मी दिलं. त्या फॉर्मवर 'सदर इसमाशी ओळख कशी झाली' असा एक प्रश्न होता आणि उत्तराला दीड ओळ जागा. दीड ओळीत माझं साधं भांडणसुद्धा मावत नाही, ही ओळख कुठून मावणार? तिथे मी 'नवऱ्यामुळे' एवढंच लिहिलं. बाकीचं इथे सांगते.

सुरुवात नवऱ्यापासूनच करावी लागेल. आमचे हे स्वभावाने अगदी गरीब. लग्नाला वीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द म्हणजे 'चालेल'. आमटी खारट झाली, चालेल. खोलीला खिडकी नाही, चालेल. मालकाने सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं, चालेल. आमच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हाही हाच एक शब्द बोलले होते. तेव्हा मी लाजले होते. आता वाटतं, लाजण्याआधी जरा चौकशी करायला हवी होती.

हे पाण्याच्या पंपांच्या गोदामात कारकून होते. एका वर्षी ऑगस्टच्या शेवटी गोदामाची मोजणी झाली आणि अकरा पंप कमी भरले. किल्ल्या ह्यांच्याकडे असायच्या, म्हणून ह्यांना चौकीवर बोलावलं. तिथे एक कागद पुढे केला. त्यात काय लिहिलंय ते ह्यांनी वाचलं नाही. "साहेब म्हणाले, इथे सही करा, चालेल ना? मी म्हटलं, चालेल." हे त्यांनी मला तुरुंगातल्या भेटीच्या जाळीपलीकडून सांगितलं तेव्हा ती जाळी उपटून काढावीशी वाटली मला. कागदात लिहिलं होतं, 'गोदामाच्या किल्ल्या फक्त माझ्याकडे असतात.' दुसरा जुडगा मालकाच्या मेहुण्याकडे असायचा, हे गोदामातल्या मांजरालाही माहीत होतं.

जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही. कोर्टात तारखा पडत गेल्या. कधी साक्षीदार यायचा नाही, कधी सरकारी वकील, कधी न्यायाधीशच रजेवर. दर वेळी समोरून विचारायचे, पुढची तारीख तीन महिन्यांनी, चालेल? आणि हे हात जोडून म्हणायचे, चालेल. कागदावर त्याचं 'आरोपीची हरकत नाही' असं व्हायचं. अशी हरकत नसता नसता चौदा महिने गेले. मी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला आहे. त्या चौदा महिन्यांत मी दोन पाळ्या केल्या, घरी सासूबाईंचं सगळं केलं आणि दर पंधरा दिवसांनी शहराबाहेर तुरुंगाच्या दारात रांग लावली.

त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला, आत, कंडक्टर होता.

अठरा वर्षं शहराच्या बसवर काढलेला माणूस. उंच, आणि पोक काढून चालणारा, कारण बसच्या छताला डोकं लागू नये म्हणून वाकून उभं राहायची सवय हाडात गेलेली. बायको लवकर वारली, मूल नाही. एक भाऊ, त्याच्याच घरी राहायचा. एका दुपारी बसमध्ये एका उतारूशी तिकिटावरून बाचाबाची झाली. तो माणूस दारात उभा राहून आईवरून शिवी देऊ लागला आणि ह्याने त्याला ढकललं. बस हळू चालली होती, पण चालली होती. त्याचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला बायको होती, दोन मुली होत्या. कोर्टात वकिलाने कंडक्टरला पढवलं होतं की त्याचा तोल गेला म्हणून सांग. कंडक्टर उभा राहिला आणि म्हणाला, "मी ढकललं." दहा वर्षांची शिक्षा झाली. भावाने त्याच दिवशी त्याची ट्रंक दाराबाहेर ठेवली.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळला तो त्याचा वर्ग.

मोफत कायदा मदतीच्या कार्यालयातून एक वकीलबाई आठवड्यातून दोनदा तुरुंगात यायच्या. शिवणाच्या खोलीतली यंत्रं भिंतीला सरकवून त्यांनी बारा कैद्यांचा वर्ग सुरू केला. आरोपपत्र कसं वाचायचं, अर्ज कसा लिहायचा, जामीन कधी मागता येतो, अपिलाची मुदत किती, असं सहा महिने शिकवलं. परीक्षा घेतली, प्रमाणपत्रं दिली. शिकून तयार झालेल्याला 'पॅरालीगल' म्हणतात. तो शब्द आत कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे 'अर्धा वकील' म्हणायला लागले. कंडक्टर पहिला आला. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी तीन नियम लिहून ठेवले होते आणि ते पुसायचे नाहीत अशी ताकीद होती. कुणाकडून काही घ्यायचं नाही. कुणाला सुटकेचं वचन द्यायचं नाही. आणि तिसरा, कोर्टात काय बोलायचं ते कुणाला सांगायचं नाही, काय बोललं तर काय होईल एवढंच सांगायचं.

कंडक्टरची काम करायची पद्धत मात्र बाईंनी शिकवलेली नव्हती, ती बसमधली होती. नवा कैदी आला की हा त्याच्यासमोर बसून विचारायचा, "कुठून बसलात? कुठे उतरायचं?" म्हणजे कुठल्या दिवशी धरलं, कुठलं कलम लावलं, आणि त्या कलमात जास्तीत जास्त किती शिक्षा. मग बोटांवर हिशेब. पहिल्याच महिन्यात त्याने तिघे असे शोधून काढले की ज्यांचा थांबा केव्हाच मागे गेला होता. त्यातले एक आजोबा सायकलचोरीच्या आरोपात होते. गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती त्याच्यापेक्षा सात महिने जास्त बसून होते, खटला सुरूच झाला नव्हता. बाईंनी अर्ज टाकले आणि तिघेही बाहेर पडले. आजोबा निघताना विचारत होते म्हणे, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? कंडक्टर म्हणाला, "झोप लागली होती तुम्हाला. लागते लांबच्या गाडीत."

आमच्या ह्यांची गाठ पडली आणि दुसऱ्याच दिवशी कंडक्टरला 'चालेल'चा शोध लागला. बराकीतल्या बारीकशा जागेत त्याने कोर्ट मांडलं. स्वतः न्यायाधीश.

"पुढची तारीख तीन महिन्यांनी. चालेल?"

"चा..."

"परत. पुढची तारीख तीन महिन्यांनी. चालेल?"

"साहेब, तुम्ही म्हणाल तसं."

"हे तर त्याच्याहून वाईट! परत."

आठ दिवस ही तालीम चालली. बराकीतली माणसं जेवताना, आंघोळीला जाताना ह्यांना अडवून विचारायची, काय, चालेल का? पुढच्या तारखेला आमचे हे कोर्टात उभे राहिले, घामाने चिंब, आणि म्हणाले, "साहेब, जरा लवकरची मिळाली तर बरं होईल." न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि तीन आठवड्यांची तारीख दिली. एवढंच करायचं होतं! भेटीच्या दिवशी हे मला सांगताना हसत होते, मीही हसले. चौदा महिन्यांत जाळीजवळ मी पहिल्यांदा हसले. एकोणीस वर्षं मला जे जमलं नाही ते त्या माणसाने आठ दिवसांत केलं होतं. मला त्याचा हेवाच वाटला थोडा.

हेवा वाटला, पण राग यायचा होता अजून.

त्याच सुमारास कोर्टाने एक खास बैठक ठेवली. लहान गुन्ह्यातल्या ज्या माणसांनी बरेच दिवस आत काढलेत त्यांनी गुन्हा कबूल करायचा, भोगलेले दिवस शिक्षेत धरले जाणार आणि त्याच दिवशी घरी. आमचं नाव यादीत होतं. मला आकाश ठेंगणं झालं. मी कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं, ह्यांचा शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवला. भेटीला गेले तर हे जाळीपलीकडे तोंड पाडून बसलेले.

"कंडक्टर म्हणतो, नीट विचार करा."

"कसला विचार?"

"कबूल केलं की कागदावर चोर झालो. मग कुठल्याही गोदामात कुणी उभं करणार नाही. आणि मागाहून नाही म्हणता येत नाही."

"अहो, पण घरी याल ना!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण मी चोरी केली नाही ना गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आयुष्यभर नको तिथे चालेल, चालेल केलंत," मी ओरडले, "आणि आता जिथे म्हणायचं तिथे तुम्हाला अक्कल सुचली?" पहाऱ्यावरच्या बाईने मला दोनदा गप्प केलं. भेटीची वेळ संपली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उठलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यात उरलेल्या कोऱ्या कागदांवर कंडक्टरला पत्र लिहिलं. माणूस मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे हात मोकळा होता. 'तुम्ही माणूस मारलात,' असंच पहिलं वाक्य लिहिलं. 'तुमची दहा वर्षं तुम्हाला भोगायचीच आहेत, तुम्हाला कसली घाई? आम्हाला आहे. तुमची वकिली तुमच्यापाशी ठेवा.' मग माझे हाल लिहिले, एकही सोडला नाही. दोन पाळ्या, सुजलेले पाय, गळकं छप्पर. 'गेल्या वर्षी नऊ ऑगस्टला सासूबाईंचा उजवा डोळा केला तेव्हा हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यातल्या बाकावरून हलले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांनी डावा करा. आता वर्ष उलटून गेलं. तो डोळा करायला कोण बसणार? तुम्ही येणार?' चार पानं झाली. पत्र टाकलं आणि मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

उत्तर आलं नाही. मला वाटलं, झोंबलं.

आत काय झालं ते ह्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितलंय. कंडक्टरने पत्र उभ्याने वाचलं. परत वाचलं. मग ह्यांच्याकडे येऊन म्हणाला, "तुमचं आरोपपत्र काढा."

ते उशीखाली घडी करून ठेवलेलं होतं.

"वाचलंय का?"

"साहेबांनी दिलंय म्हणजे बरोबरच असेल."

कंडक्टरने कपाळाला हात लावला. अठरा वर्षं त्याने माणसाच्या तोंडाआधी पासावरची तारीख पाहिली होती. त्याने आरोपपत्र आणि माझं पत्र शेजारी शेजारी ठेवलं, एकावर बोट ठेवून म्हणाला, "हे मोठ्याने वाचा." ह्यांनी वाचलं. गोदामाच्या गेटवरच्या वहीप्रमाणे माल बाहेर पडला तो नऊ ऑगस्टला, दुपारी दोन वाजता, आरोपीने स्वतः कुलूप उघडून. "आता हे." ह्यांनी माझ्या पत्रातली ओळ वाचली. मग परत आरोपपत्र वाचलं. मग त्या तारखेवर स्वतःच बोट ठेवलं.

चौदा-पंधरा महिने ती तारीख त्यांच्या डोक्याखाली होती. मोजणी झाली महिनाअखेरीला, धरलं महिनाअखेरीला, त्यामुळे चोरीही तेव्हाचीच असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी तुम्ही कुठे होता, असं ह्यांना कुणी विचारलं नाही, आणि कोणता दिवस, असं ह्यांनी कुणाला विचारलं नाही.

"मग मी कोर्टात काय म्हणू?" ह्यांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही." नियम म्हणजे नियम. "कबूल म्हणालात तर आठ दिवसांत घरी, आणि ह्या तारखेकडे परत कुणी बघणार नाही. नाही म्हणालात तर परत इथेच, किती महिने ते मला माहीत नाही. दवाखान्याचा कागद सापडला तर कोर्ट तो बघेल. सापडला नाही तर अवघड आहे. आणि वहिनींनी लिहिलंय त्यातलं एक अक्षर खोटं नाही, तेही धरा. दोन्ही गाड्या समोर उभ्या आहेत. चढायचं तुम्ही."

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. बैठकीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेऊन कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर बसले. खोली लहान, पंखा एका पात्याने खरखरणारा, पुढे रांगेत सात माणसं. एकेकाला विचारायचे, गुन्हा कबूल? तो म्हणायचा, कबूल. कारकून लिहायचा, माणूस डावीकडे सरकायचा. पाच जण डावीकडे सरकले. सहावे आमचे हे.

"गुन्हा कबूल आहे?"

ह्यांचं तोंड उघडलं, आणि ते कशाला उघडतं हे एकोणीस वर्षं पाहिलेलं असल्यामुळे मी पिशवी छातीशी धरली.

"नाही," हे म्हणाले. "कबूल नाही. मी चोरी केलेली नाही. नऊ ऑगस्टला दुपारी मी आईच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतो."

आवाज खोलीच्या शेवटापर्यंत आला. ह्या माणसाला एवढा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही साहेब."

पोलिसांनी ह्यांना उजवीकडे नेलं. माझ्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी मान खाली घातली नाही. मी पिशवी घेऊन बाहेर व्हरांड्यात आले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. रागाने रडले, डोळ्यांसमोरून घर निघून गेलं म्हणून रडले. आणि त्यातच, सांगायला हरकत नाही, मला त्यांचा अभिमानही वाटत होता, त्याचाही राग येत होता. वकीलबाई मागून आल्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, दवाखान्याचा कागद आहे का घरी?"

तेव्हा माझ्या डोक्यात पडला उजेड.

कागद सासूबाईंच्या चष्म्याच्या जुन्या घरात चौघडी करून ठेवलेला होता. दवाखान्यात दर थोड्या वेळाने डोळ्यात औषध घालायचे आणि जवळच्या नातेवाइकाची सही घ्यायचे. सव्वासात, ह्यांची सही. दहा, ह्यांची सही. बारा. दोन. चार. सहा. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळेल इतकी सारखी सही. एका सहीने आत गेलेला माणूस दुसऱ्या सहीने बाहेर येणार होता.

आणखी चार महिने लागले. ते मला सोपे गेले असं मी म्हणणार नाही. पण त्या चार महिन्यांत रांगेत उभं राहायला मला लाज वाटली नाही. दवाखान्यातली परिचारिका साक्षीला आली, गेटवाल्याने दुसऱ्या जुडग्याचं कबूल केलं, आणि हे निर्दोष सुटले. 'निर्दोष' हा शब्द निकालात जिथे आहे तिथे सासूबाईंनी एका डोळ्याने पाहून बोट ठेवलं. आता हे पुन्हा गोदामात आहेत, दुसऱ्या. डावा डोळाही झाला. आज आमच्या घरात जे काही धड उभं आहे ते त्या माणसामुळे उभं आहे, हे मी कुणासमोरही सांगेन.

त्याला सांगायला मी पुढच्या भेटीच्या दिवशी गेले. जाळीपलीकडे तो वाकून उभा. मी काय काय बोलायचं ते रांगेत घोकून ठेवलं होतं, त्यातलं काहीही आठवेना.

"भाऊजी, ते पत्र," एवढंच मी म्हणाले. "मला क्षमा करा."

"पत्रातलं पहिलं वाक्य खरंच आहे वहिनी," तो म्हणाला. "त्याची कसली क्षमा? बाकीचं कामाला आलं."

"तुमचे उपकार..."

"मी काही केलं नाही. तारखा तुमच्या, आवाज त्यांचा. बरं, पुढे सरका आता, मागे लोक खोळंबलेत." मागे कुणीही नव्हतं. त्याने तोंड फिरवलं होतं, आणि मी जाळीला कपाळ टेकवून हमसाहमशी रडत होते. कुणाबद्दल एवढं कृतज्ञ वाटलं की माणसाला उभं राहता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रजेचं मला वकीलबाईंकडून कळलं. भाऊजींनी आत चाळीसेक जणांचे रजेचे अर्ज लिहून दिले होते. स्वतःचा एक भरून ठेवला होता, पत्त्याचा रकाना तेवढा कोरा. भावाला दोन पत्रं टाकली होती, दोन्ही न फोडता परत आली. घरी येऊन मी विषय काढला. हे म्हणाले, "मी तुलाच विचारणार होतो, धीर होत नव्हता." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या खोलीत खाट टाका त्याची. माझी झोप सावध असते, पळाला तर मी धरीन." त्यांचं वय एक्क्याऐंशी.

चौकशीला अधिकारी आला. त्याने खोल्या पाहिल्या, खाट पाहिली, मग पेन उघडून मला विचारलं, "बाई, त्याने माणूस मारलेला आहे. भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हणाले. "पण त्याने केलं ते पहिल्या दिवशी कबूल केलं. माझा नवरा न केलेलं कबूल करायला निघाला होता, आणि मी त्याला ढकलत होते. हा नसता तर आज आम्ही चोराचं घर झालो असतो. लिहा, आमच्याकडे राहील. काही झालं तर मला धरा."

त्याने लिहिलं. दोन महिन्यांनी मंजुरी आली. अट होती, पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत आमच्या भागातल्या चौकीवर हजेरी. नाही लागली तर रजा रद्द, पुन्हा कधी मिळणार नाही, आणि आमच्यावर कारवाई.

दहा वाजता सोडणार होते. तुरुंगापासून मोठ्या स्टँडपर्यंत थेट बस आहे, तासाभराची. आम्ही दोघं अकराला स्टँडवर जाऊन उभे राहिलो. अकराची बस आली, सगळे उतरले, हा नाही. साडेअकराची आली. बाराची आली. हे प्रत्येक बसच्या दाराशी जाऊन आत डोकावून यायचे. दोन वाजले. मी तुरुंगात फोन केला. ते म्हणाले, दहालाच गेला, सही करून गेला. तीन वाजले, आणि माझा स्वभाव जागा झाला. गेला, मी म्हटलं. माझ्या सहीवर गेला. भावाने दार लावलं ते उगीच नाही. हे म्हणाले, "येईल." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, तुमचा सगळ्यांवर विश्वास." चार वाजले. बस येत होत्या, माणसं उतरत होती, आणि ज्या माणसाचं नाव मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होते त्याला मी मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होते.

साडेचारला हे एकदम म्हणाले, "तो बघ."

ते बसकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते. फुटपाथच्या कडेकडेने, उंच, पोक काढलेला, धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरा झालेला माणूस हातात कापडी पिशवी घेऊन येत होता. एक पाय ओढत होता. तुरुंगापासून स्टँड सतरा किलोमीटर आहे.

आमच्यासमोर येऊन तो थांबला. श्वास लागला होता.

"उशीर झाला वहिनी. दोनदा हात केला बसला. थांबली दोन्ही वेळा." तो चपलेकडे बघत होता. "पायरीवर पाय टाकवेना."

दिवसभर जे जे मनात बोलले होते ते मी तिथेच टाकलं. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. "आई सकाळपासून उपाशी बसल्यात तुमच्यासाठी," मी म्हटलं, "चला लवकर."

स्टँडवरून चौकी चार थांबे, तिथून घर दोन. आमची बस समोर उभीच होती, तिचा कंडक्टर हाका मारत होता. ह्यांनी भाऊजींचा दंड धरला, आणि आम्ही तिघं तिच्यासमोरून चालत निघालो.